निवेदनाची पोच ते धरण्याचा मंडप : गावाचा प्रश्न लावून धरण्याची पद्धत

खानदेशात पारावर किंवा बसस्थानकावर एखाद्या सार्वजनिक प्रश्नाची चर्चा निघाली की ती बहुतेक वेळा एकाच वाक्यापाशी येऊन थांबते : "आपलं कोन आयकस, भाऊ?" हे वाक्य मी जळगाव, धुळे आणि नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांत ऐकले आहे आणि त्यामागचा अनुभव खोटा आहे असे मी म्हणणार नाही. मात्र याच मातीत १९३६ साली फैजपूरला काँग्रेसचे ग्रामीण भागातील पहिले अधिवेशन भरले, ९ सप्टेंबर १९४२ रोजी नंदुरबारच्या रस्त्यावर तिरंगा घेऊन निघालेल्या शिरीषकुमार मेहता आणि त्याच्या सोबत्यांनी गोळ्या झेलल्या आणि १९७२ च्या सुमारास शहादा परिसरात अंबरसिंग सुरतवंती यांच्यासारख्या कार्यकर्त्यांनी भूमिहीन आदिवासींना संघटित केले. यांची नावे आपण भाषणांत घेतो, पण प्रश्न कसा उचलायचा, कोणाकडे न्यायचा आणि शेवटपर्यंत कसा धरून ठेवायचा, हे कोणी शिकवत नाही. गावातल्या सामान्य माणसाला ते करता यावे म्हणून हा लेख आहे.

आधी आमचे चुकले कुठे ते सांगतो. आमच्या गावात नळपाणी योजनेचे काम झाले, टाकी उभी राहिली, घरोघरी तोट्या बसल्या, पण पाणी आले नाही. सुमारे दोनशे माणसे ट्रॅक्टर-ट्रॉल्यांतून तालुक्याला गेली, घोषणा झाल्या, संबंधित अधिकाऱ्यांनी खाली येऊन निवेदन स्वीकारले, "लवकरच मार्ग काढू" असे सांगितले आणि आम्ही समाधानाने परतलो. पुढे पाच महिने काहीही घडले नाही आणि पुन्हा माणसे गोळा करायला निघालो तेव्हा लोक घराबाहेर येईनात. ते निवेदन मी नंतर अनेकदा वाचले. त्यात "गावाला पाणी मिळालेच पाहिजे" एवढी एकच मागणी होती. ती न्याय्य होती, पण कोणत्या अधिकाऱ्याने कोणत्या कागदावर कोणत्या तारखेपर्यंत काय करावे, याचा त्यात मागमूस नव्हता. तेव्हापासून मी एकच कसोटी लावतो : मागणी अशी असावी की एका विशिष्ट पदावरच्या माणसाला तिच्यावर एक विशिष्ट आदेश काढता येईल. पुढच्या सगळ्या पायऱ्या या कसोटीसाठी आहेत.

प्रश्न नेमका कोणाच्या टेबलावर आहे

पहिले काम म्हणजे पत्ता शोधणे. गावाला जोडणारा रस्ता ग्रामीण मार्ग असेल तर तो जिल्हा परिषदेकडे असतो, राज्यमार्ग असेल तर सार्वजनिक बांधकाम विभागाकडे, आणि राष्ट्रीय महामार्ग असेल तर त्याचे काम कोणती यंत्रणा पाहते हे आधी शोधावे लागते. कालव्याचे आवर्तन, म्हणजे पाणी सोडण्याची पाळी, सुटले नाही तर प्रश्न पाटबंधारे विभागाच्या शाखा कार्यालयात सुरू होतो. वनजमिनीच्या दाव्यासाठी ग्रामसभेची वनहक्क समिती, मग उपविभागीय समिती आणि शेवटी जिल्हास्तरीय समिती असा ठरलेला क्रम आहे. दावा कोणत्या समितीपाशी अडकला आहे हे माहीत नसताना थेट जिल्हाधिकारी कार्यालयावर मोर्चा नेला तर "तो विषय आमच्याकडे आलेलाच नाही" असे खरे उत्तर मिळू शकते.

रावेर-यावलच्या केळीउत्पादकांना हा फरक चांगला ठाऊक असतो, तरीही त्यात गफलत होते. हवामान आधारित फळपीक विम्यात कमी किंवा जास्त तापमानाची भरपाई शेतातल्या पंचनाम्यावर ठरत नाही, तर परिसरासाठी नेमलेल्या संदर्भ हवामान केंद्राच्या नोंदीवर ठरते. म्हणजे तेथे "सरसकट पंचनामे करा" ही मागणी तहसीलदारांकडे नेण्यात शक्ती खर्च होते. त्या केंद्रातील दररोजच्या तापमानाच्या नोंदी मिळाव्यात, केंद्र कोठे बसवले आहे आणि ते त्या काळात चालू होते का हे कळावे, ही मागणी नेमकी असते आणि तिच्यामुळे वाद निकाली निघू शकतो.

कागद मागवणे

माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ हे सर्वांत स्वस्त आणि सर्वांत कमी नीट वापरले जाणारे साधन आहे. महाराष्ट्रात अर्जावर दहा रुपयांचे कोर्ट फी तिकीट लावायचे असते, दारिद्र्यरेषेखालील अर्जदाराला तेही लागत नाही. अर्ज एकाच विषयावर आणि साधारण १५० शब्दांच्या आत असावा, असा राज्याचा नियम आहे. संबंधित कार्यालयाच्या जन माहिती अधिकाऱ्याने ३० दिवसांत माहिती द्यायची असते. ती न मिळाल्यास किंवा अपुरी मिळाल्यास ३० दिवसांच्या आत त्याच कार्यालयातील वरिष्ठांकडे पहिले अपील करता येते आणि त्यानंतर ९० दिवसांच्या आत राज्य माहिती आयोगाकडे दुसरे अपील करता येते. आपल्या तिन्ही जिल्ह्यांसाठी आयोगाचे खंडपीठ नाशिकला आहे. मुदत उलटून गेल्यावर दिलेली माहिती विनामूल्य द्यावी लागते, ही तरतूद बहुतेकांना माहीत नसते आणि लोक पानामागे दोन रुपये भरत राहतात.

अर्जात "काम का झाले नाही", "याला जबाबदार कोण" असे प्रश्न विचारू नयेत. असा प्रश्न मत विचारतो आणि कायदा नोंदीवर असलेली माहिती देतो. म्हणून कागदांची नावे लिहावीत. पाणी योजना, रस्ता किंवा शाळाखोली यांपैकी कोणतेही काम असो, प्रशासकीय मान्यतेचा आदेश, अंदाजपत्रक, कार्यारंभ आदेश, मोजमाप पुस्तिकेची पाने, अदा केलेल्या देयकांच्या प्रती आणि पूर्णत्वाचा दाखला हे सहा कागद मिळाले की कामाचा जन्म ते शेवट समोर येतो. अधिनियमात कागदांची प्रत्यक्ष पाहणी करण्याचा आणि कामाची तपासणी करण्याचाही अधिकार आहे. जाडजूड फाइल असेल तर आधी पाहणी मागावी आणि हवी तेवढीच पाने घ्यावीत.

आमच्या अर्जाला ३० दिवसांत उत्तर आले नाही. अपिलाच्या सुनावणीला आम्ही तिघे गेलो आणि तेथे मोजमाप पुस्तिकेच्या प्रती हातात पडल्या. त्या रात्री शाळेच्या ओट्यावर बसून एका निवृत्त गवंडीआप्पांनी आम्हाला ती पाने वाचायला शिकवले. लांबी, रुंदी, खोली आणि संख्या असे रकाने असतात आणि त्यांच्या गुणाकारावर देयक निघते. वरच्या आळीत जलवाहिनीसाठी ९० सेंटिमीटर खोल चर खणल्याची नोंद होती. दुसऱ्या दिवशी सकाळी ग्रामपंचायत सदस्यांना बोलावून, त्यांच्यासमोर आणि त्यांच्या परवानगीने, आम्ही तीन ठिकाणी कुदळीने माती बाजूला केली. पहिल्या ठिकाणी टेप ३२ सेंटिमीटरवर पाइपला टेकला, दुसऱ्या ठिकाणी २८ वर, आणि तिसऱ्या ठिकाणी पाइप बैलगाडीच्या चाकाने चेपून फुटलेला निघाला. टेप लावलेल्या स्थितीत छायाचित्रे घेतली, जागेवरच कागदावर नोंद केली आणि उपस्थित नऊ जणांनी सह्या केल्या. दोनशे माणसांच्या घोषणांनी जे झाले नव्हते, ते त्या एका पानाने केले. "पाणी मिळालेच पाहिजे" या मागणीची जागा आता "वरच्या आळीतील जलवाहिनी अंदाजपत्रकाप्रमाणे पुन्हा टाकावी आणि तोपर्यंत अंतिम देयक रोखावे" या मागणीने घेतली.

येथे एक काळजी अवश्य घ्यावी. कागदात तफावत दिसली म्हणजे कोणी चोरी केली असे लगेच लिहू नये. पुस्तिकेत अमुक नोंद आहे आणि जागेवर अमुक आढळले, एवढेच लिहावे. निष्कर्ष काढणे चौकशी अधिकाऱ्याचे काम आहे, आणि आपण तो आधीच लिहून टाकला तर बदनामीच्या तक्रारीला वाट मिळते आणि मूळ प्रश्न बाजूला पडतो.

ग्रामसभेचा ठराव

ग्रामपंचायत अधिनियमानुसार वर्षातून किमान चार ग्रामसभा व्हायला हव्यात आणि त्या बहुधा २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट व २ ऑक्टोबर या दिवसांच्या सुमारास घेतल्या जातात. गणपूर्तीसाठी एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० यांपैकी कमी असलेली संख्या लागते, म्हणजे मोठ्या गावातही शंभर माणसे पुरतात. विषयपत्रिकेत आपला विषय यावा म्हणून सभेच्या पुरेसे आधी ग्रामपंचायत अधिकाऱ्यांकडे (पूर्वीचे ग्रामसेवक) लेखी पत्र देऊन पोच घ्यावी. ऐनवेळच्या विषयांत तो ढकलला गेला तर सभा संपता संपता चार माणसांसमोर वाचला जातो.

मुख्य ग्रामसभेपूर्वी महिलांची स्वतंत्र सभा घ्यायची असते. पुष्कळ गावांत ती केवळ वहीत होते, आणि हे मला सर्वांत जास्त खटकते, कारण पाणी, रेशन, दारू, अंगणवाडी या प्रश्नांतले बारकावे बायांना ठाऊक असतात. आमच्याकडे महिलांची सभा खरोखर भरली तेव्हा एका मावशींनी सांगितले, "हंडा आमना डोकावर शे, मंग सही बी आमनी पायजे." त्या दिवशी ६४ महिलांनी सह्या किंवा अंगठे केले, आणि वरच्या आळीत पाण्यासाठी रोज किती फेऱ्या होतात याचा तक्ता त्यांनीच सांगून लिहून घेतला. जल जीवन मिशनमध्ये माणशी दररोज ५५ लिटरचे प्रमाण ठरलेले आहे. त्या तक्त्यावरून आम्हाला किती कमी मिळते हे आकड्यात मांडता आले.

अक्कलकुवा, अक्राणी, तळोदा, नवापूर अशा अनुसूचित क्षेत्रातील गावांना १९९६ च्या पेसा कायद्याने, म्हणजे अनुसूचित क्षेत्रातील ग्रामसभांना जादा अधिकार देणाऱ्या कायद्याने, अधिक बळ दिले आहे. तेथे पाड्याची स्वतंत्र ग्रामसभाही होऊ शकते. मात्र चर्चा पावरी, भिली किंवा अहिराणीत व्हावी आणि ठराव मराठीत लिहिल्यावर तो पुन्हा त्या भाषेत वाचून दाखवावा. समजल्याशिवाय केलेला अंगठा पुढे आपल्याच विरुद्ध वापरला जातो.

निवेदन आणि पोच

निवेदन एका पानाचे असावे. वर पदनाम, खाली विषय, मग तीन-चार क्रमांकित मुद्दे, प्रत्येक मुद्द्यापुढे कोणता कागद जोडला आहे त्याचा क्रमांक, आणि शेवटी काय करावे व किती दिवसांत करावे. भावना असावी, पण ती पहिल्या दोन ओळींत. दोन प्रती न्याव्यात आणि आपल्या प्रतीवर आवक क्रमांक, तारीख, शिक्का व सही घेतल्याशिवाय टेबल सोडू नये. "साहेब आले की देतो" असे उत्तर मिळाले तर टपालाने पोचपावतीसह पाठवावे. साहेबांसोबत निवेदन देतानाचे छायाचित्र दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात येते आणि गावाला बरे वाटते, परंतु सहा महिन्यांनी उपयोगी पडतो तो आवक क्रमांकच.

वैयक्तिक स्वरूपाच्या तक्रारीसाठी लोकशाही दिनाची सोय आहे. जिल्हास्तरावर तो महिन्याच्या पहिल्या सोमवारी असतो, आणि त्यापूर्वी तालुका स्तरावर दाद मागितलेली असावी लागते. सामूहिक निवेदने तेथे घेतली जात नाहीत, म्हणून चाळीस जणांनी एकच कागद देण्याऐवजी ज्याच्या त्याच्या नळजोडणीची, दाखल्याची किंवा अनुदानाची तक्रार स्वतंत्रपणे द्यावी. आपले सरकार या संकेतस्थळावरील तक्रारीलाही क्रमांक मिळतो. हे सर्व क्रमांक एका जाड वहीत, तारखेच्या क्रमाने, एकाच माणसाने लिहावेत.

रस्त्यावर येण्याची वेळ

एवढे सगळे करूनही फाइल हलली नाही, तर धरणे किंवा मोर्चा हा हक्क आहे आणि तो संकोच न करता वापरावा. संविधानाच्या अनुच्छेद १९ ने नागरिकांना शांततेने व विनाशस्त्र एकत्र जमण्याचा हक्क दिला आहे. सार्वजनिक रस्त्यावरील सभांवर प्रशासन वाजवी नियमन करू शकते, पण हक्क सरसकट नाकारू शकत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने हिंमतलाल शहा प्रकरणात १९७२ सालीच सांगितले. २०२० साली त्याच न्यायालयाने सार्वजनिक रस्ता बेमुदत अडवून ठेवता येणार नाही असेही सांगितले. या दोन मर्यादांच्या मध्ये बरीच मोकळी जागा आहे. ज्यांना वाटते की कागद पुरेसे आहेत, त्यांना मी एवढेच सांगेन की टेबलावर शंभर फाइली असतात आणि आपली वरच्या पाचांत येण्यासाठी लोकांनी दिसावे लागते. शिवाय एकेकटा सोसणारा माणूस मंडपात बसल्यावर त्याला कळते की हे दुःख शेजारच्या गल्लीचेही आहे.

पोलीस ठाण्यात किमान आठ-दहा दिवस आधी लेखी अर्ज द्यावा. त्यात दिवस, वेळ, जागा, मोर्चाचा मार्ग, अंदाजे संख्या, ध्वनिक्षेपक लागणार का, आणि जबाबदार पाच व्यक्तींची नावे असावीत. आपल्या जिल्ह्यांत महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ३७ खालील मनाई आदेश वारंवार लागू असतात आणि त्या काळात विनापरवानगी पाच किंवा अधिक जणांना जमता येत नाही, म्हणून सध्या आदेश आहे का हे आधी विचारावे. जमावबंदीच्या ज्या कलमाला पूर्वी सर्व जण १४४ म्हणत, ते आता १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम १६३ आहे, आणि गुन्हा घडू नये म्हणून पोलिसांकडून आयोजकांना मिळणारी १४९ ची नोटीस आता कलम १६८ खाली येते. नोटीस आली की घाबरून कार्यक्रम रद्द करू नये आणि ती घेण्यास नकारही देऊ नये. प्रत घ्यावी, "मिळाली" असे लिहून सही करावी आणि कार्यक्रम शांततेने होईल, स्वयंसेवक अमुक आहेत, असे लेखी उत्तर द्यावे.

दिवस निवडताना खानदेशचे पंचांग डोळ्यांसमोर ठेवावे. पेरणीत आणि कापूस वेचणीत माणसे येणार नाहीत. श्रावणात कानबाईच्या रविवारी, पोळ्याला, किंवा आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) लेकी माहेरी आलेल्या असताना धरणे ठेवू नये. सरकारी कार्यालये शनिवार-रविवारी बंद असतात. ज्या दिवशी संबंधित अधिकारी खरोखर मुख्यालयी आहेत, तो दिवस दोन दिवस आधी विचारून ठरवावा. एप्रिल-मे महिन्यांत जळगाव-भुसावळकडचा पारा ४४ अंशांच्या पुढे जातो, तेव्हा सावलीचा मंडप, पाण्याचे जार, मीठ-साखर आणि परतीच्या वाहनाची सोय झाल्याशिवाय म्हाताऱ्या माणसांना घराबाहेर काढणे हा अपराध आहे.

शिस्तीचे मोल किती असते ते मार्च २०१८ मध्ये महाराष्ट्राने पाहिले. ६ मार्चला नाशिकहून निघालेला शेतकऱ्यांचा पायी मोर्चा १२ मार्चला मुंबईत आझाद मैदानावर पोचला, आणि दहावीच्या विद्यार्थ्यांना परीक्षेला जाताना अडथळा होऊ नये म्हणून शेवटचे अंतर त्या थकलेल्या, पाय सोललेल्या माणसांनी रात्रीतून चालून संपवले. शहराने त्यांचे पाणी आणि चपला देऊन स्वागत केले आणि त्याच दिवशी सरकारला लेखी आश्वासन द्यावे लागले. आपल्या मोर्चातही रुग्णवाहिका आली की दोर सरकवणारे, दुकानदारांशी नम्रपणे बोलणारे आणि संपल्यावर कचरा उचलणारे स्वयंसेवक आधी नेमलेले असावेत. एक दगड पडला तर सार्वजनिक मालमत्तेच्या नुकसानीचा १९८४ चा कायदा पुढे येतो आणि गावातली तरुण पोरे वर्षानुवर्षे तारखांना फिरतात. त्यांच्या नोकरीच्या चारित्र्य पडताळणीत तो गुन्हा आडवा येतो.

आत्मदहनाचे इशारे देण्याची जी पद्धत पडली आहे, तिला माझा ठाम विरोध आहे. राष्ट्रीय सणाच्या तोंडावर असा इशारा दिला की यंत्रणेचे सारे लक्ष त्या एका माणसाला अडवण्यावर जाते, मूळ प्रश्नाची फाइल कोणी उघडत नाही, आणि कधी कधी एखादा माणूस खरोखर हातचा जातो. उपोषणही ठरवायचेच असेल तर साखळी पद्धतीने करावे आणि रोजची वैद्यकीय तपासणी मागून घ्यावी.

वाटाघाटीला तीन ते पाच जण जावेत, त्यांत किमान एक महिला असावी, आणि कोण बोलणार हे आधी ठरलेले असावे. आत गेल्यावर नवीन मागण्या वाढवू नयेत. तोंडी आश्वासन मिळाले की शांतपणे "हेच पत्रावर द्यावे" असे म्हणावे. पत्रात काम, तारीख आणि जबाबदार अधिकाऱ्याचे पदनाम या तिन्ही गोष्टी आहेत का ते मंडपात मोठ्याने वाचून सर्वांची संमती घेतल्यावरच धरणे उठवावे.

धरणे उठल्यानंतर

येथे बहुतेक आंदोलने संपतात आणि येथेच खरे काम सुरू होते. मार्च २०१८ ची आश्वासने पुरी झाली नाहीत म्हणून फेब्रुवारी २०१९ मध्ये तीच माणसे पुन्हा चालू लागली होती. नर्मदेवरील सरदार सरोवर धरणात अक्कलकुवा-अक्राणीची ३३ गावे बाधित झाली. नर्मदा पाणीतंटा लवादाच्या १९७९ च्या निवाड्यात पात्र खातेदार कुटुंबाला किमान दोन हेक्टर ओलिताची जमीन देण्याचे ठरले होते, तरी "खातेदार कोण" या एका शब्दावर कितीतरी कुटुंबे अडून राहिली, कारण डोंगरातल्या अनेक जमिनींची महसुली नोंदच झालेली नव्हती. तेथील लोक दशकानुदशके सत्याग्रहही करत राहिले आणि नावांच्या याद्याही तपासत राहिले. मनमाड-इंदूर रेल्वेमार्गासाठी धुळेकरांच्या पिढ्यांनी निवेदने दिली, तेव्हा कुठे सप्टेंबर २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाची ३०९ किलोमीटरच्या मार्गाला मंजुरी मिळाली.

पाठपुराव्यासाठी दोन माणसे पुरतात, पण ती नेमलेली असावीत. आश्वासनातील प्रत्येक तारखेच्या दुसऱ्या दिवशी एक स्मरणपत्र जावे, त्याची पोच वहीत चिकटवावी, आणि महिन्यातून एकदा ती वही पारावर वाचावी. वर्गणी जमवली असेल तर मंडप, चहा, छायाप्रती आणि डिझेल यांचा पै-पैचा हिशेब फलकावर लावावा. आपल्या निवेदनातला एखादा आकडा चुकला असे लक्षात आले तर विरोधकांनी दाखवण्याआधी आपणच दुरुस्तीपत्र द्यावे. आम्ही एकदा जोडण्यांची संख्या चुकीची लिहिली होती. दुरुस्तीपत्र दिल्यानंतर त्या कार्यालयातील लिपिक आमच्या बाकीच्या आकड्यांवर विश्वास ठेवू लागले.

दुसऱ्या धरण्यात आम्ही अवघे ७० जण होतो. संध्याकाळी मिळालेल्या पत्रात तीन तारखा होत्या. पहिल्या तारखेला पाहणी झाली, दुसरी तारीख दोन आठवड्यांनी पुढे गेली, आणि जून उजाडण्यापूर्वी खालच्या दोन आळ्यांत एक दिवसाआड पाणी आले. वरच्या आळीत नवा चर खणला गेला आहे, त्याची खोली आम्ही मोजली, ती ८८ सेंटिमीटर भरली. जोडण्या अजून बाकी आहेत. वहीत त्या नोंदीपुढची जागा कोरी आहे आणि पुढचे स्मरणपत्र सोमवारी जाणार आहे.